पाठ न झालेला निबंध

बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात शेवटी एक मोठा प्रश्न असायचा. पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या गोष्टीवर विचार करा आणि कारणं देऊन निबंध लिहा. ‘विचार करा’ हे शब्द पेपरात छापलेले असत, पण माझ्या वर्गात ते कुणी मनावर घेत नसे. विचार मीच करून देत असे.

नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. जालन्याहून सकाळच्या पॅसेंजरने मी बदनापूरला उतरायचो आणि तिथल्या कॉलेजात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवायचो. पोरं आसपासच्या खेड्यांतली, बहुतेक शेतकऱ्यांची. घरात इंग्रजीचं एक अक्षर कानावर पडायचं नाही. उन्हाळ्यात मी बोर्डाचे पेपर तपासायला बसायचो, तेव्हा गठ्ठे इतके असत की एका निबंधाला दोन मिनिटंही मिळत नसत. सुरुवात बघायची, मधलं एखादं वाक्य, मग शेवट, आणि मार्क टाकून पान उलटायचं. त्यामुळे कुठला निबंध मार्क आणतो हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला माज होता.

म्हणून मी दरवर्षी निबंध स्वतः लिहून काढायचो आणि वर्गात स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट सांगायचो. जानेवारीपासून पोरं तो कॉलेजच्या गच्चीवर येरझाऱ्या घालत मोठमोठ्यानं घोकायची. प्रत्येक निबंधात एक वजनदार वाक्य असायचं. त्याच्याखाली पेन्सिलनं पट्टी धरून रेघ मारायची, हा माझा दंडक होता. तपासणाऱ्याचा डोळा बरोबर तिथं थांबतो, असं मी छातीठोकपणे सांगत असे.

पुस्तकात एका दीपगृहाच्या राखणदाराची गोष्ट होती. समुद्रावर वादळ आहे, घरात बायको मरणाच्या दारात आहे, आणि हा माणूस तिला सोडून वर दिवा सांभाळत बसतो. जहाज वाचतं, बायको जाते. राखणदाराचं वागणं योग्य की अयोग्य, असा प्रश्न त्या वर्षी येणार हे मी ताडलं होतं. माझा निबंध कर्तव्यावर होता. तीन परिच्छेद, खणखणीत सुरुवात, डोळ्यांत पाणी आणणारा शेवट.

वर्गात एक मुलगी होती. गाव बदनापूरपासून सहा-सात किलोमीटर, पायी यायची. वडलांची जमीन बऱ्यापैकी होती, खायला-प्यायला कमी नव्हतं, पण घरात दहावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच. तिला डी.एड. करून शाळेत बाई व्हायचं होतं. वडील एकदा मुद्दाम मला भेटायला आले आणि म्हणाले, “सर, बराबर मार्क पडले तर शिकवू. न्हाई तर मंग दिवाळी झाली की लग्न उरकून टाकू. दोनदा परीक्षाबिरीक्षा आमच्यात न्हाई.” म्हणजे तिला एकच संधी होती. हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

एक दिवस तिनं वही आणून दिली. माझा निबंध सोडून तिनं स्वतःचा लिहिला होता. इंग्रजी साधं, दर दोन ओळींत एक चूक. पण मुद्दा असा होता: या गोष्टीत बायको दोनदाच दिसते आणि दोन्ही वेळा तिचे डोळे मिटलेले आहेत. ती आजारी आहे, मुकी नाही, तरी नवऱ्यानं तिला काय वाटतं हे विचारलं नाही. लेखकानंही विचारलं नाही. तिनं काही बोलावं हेच लेखकाला नको होतं, कारण ती बोलली असती तर नवरा इतका मोठा दिसला नसता.

मी ती गोष्ट सहा वर्षं शिकवत होतो. माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला राग आला. आणि भीतीही वाटली, कारण दोन मिनिटांत पान उलटणारा माणूस यातल्या चुकाच मोजणार होता. मी तांबड्या पेनानं आडवी रेघ मारली आणि तिला म्हणालो की अक्कल डी.एड.ला गेल्यावर दाखव, परीक्षेत मी दिलंय तेच लिहायचं. ती हो म्हणाली. तिला पाठांतर जमत नसे, एखादी गोष्ट समजली की त्यातले नेमके शब्द तिच्या लक्षात राहत नसत. तरी पंधरा दिवस घोकून घोकून तिनं तो निबंध पेपरापुरता पाठ केला.

प्रश्न तोच आला. मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

जूनमध्ये निकाल लागला तेव्हा माझ्या एकोणतीस मुलांचा निकाल राखून ठेवला होता. कुणातरी तपासनिसाच्या हातात आमचा गठ्ठा पडला, आणि त्यानं पानाला पान लावून पाहिलं. एकोणतीस निबंध शब्दाला शब्द सारखे. त्याच वाक्याखाली पेन्सिलची तीच रेघ. कॉपीशिवाय असं कसं होईल, असं त्याला वाटलं, आणि त्याच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

ऑगस्टात बोर्डाच्या कचेरीत चौकशीला बोलावलं. मुलांना समोर बसवून तोच निबंध पुन्हा लिहून घेणार, असं कळलं. मी आठवडाभर आधी सगळ्यांना गोळा केलं आणि पुन्हा गच्चीवर घोकायला लावलं. ती तेवढी आली नाही. शेतात खुरपणी चालली होती, वडलांनी पाठवलं नाही. मी निरोपही धाडला नाही. ती हुशार आहे, तिला काय सांगायचं, असं मला वाटलं.

चौकशीच्या दिवशी आम्ही व्हरांड्यात थांबलो होतो. पोरं बाहेर येऊ लागली, कपाळावरचा घाम पुसत, सुटल्यासारखी. ती शेवटी आली, आणि मी तिला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

“सर, तुमचा निबंध अर्धाच आठवला,” ती म्हणाली. “मंग म्हटलं, कॉपी केली न्हाई हेच दाखवायचंय ना? तर आपल्या मनानंच लिहावं. पान भरून लिहिलं.”

तेवढ्यात मला आत बोलावलं.

टेबलावर अठ्ठावीस कागद एका बाजूला होते. मार्चच्या पेपरांशी शब्दाला शब्द जुळले होते, म्हणजे निबंध पाठ होता, म्हणून ती मुलं निर्दोष. दुसऱ्या बाजूला तिचे दोन कागद होते, मार्चचा आणि आजचा. बोर्डाच्या साहेबांनी ते माझ्यापुढं सरकवले. मी आजचा वाचला. चुका होत्याच, पण वहीतल्यापेक्षा तो कितीतरी चांगला होता. ती त्या बाईबद्दल आणखी विचार करत राहिली होती, खुरपता खुरपता असेल. इतक्या वर्षांच्या तपासणीत मी असा निबंध वाचला नव्हता.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं शांतपणे विचारलं, “मुलगी हुशार दिसते. तिला असं लिहिता येत होतं, तर परीक्षेत ते का लिहिलं नाही?”

उत्तर सोपं होतं. मी लिहू दिलं नाही. पण प्राचार्य शेजारीच बसले होते, आणि अठ्ठावीस पोरं आत्ताच सुटली होती. तोंड उघडलं तर आठवडाभराच्या घोकंपट्टीसकट सगळं पुन्हा उकरलं जाईल, असा हिशेब मी मनात केला. त्यात माझी नोकरीही होती, ती पोरांच्या आड लपवली.

“सांगता येत नाही,” मी म्हणालो.

बाहेर आलो तर ती तिथंच उभी होती. वाचला का, कसा झाला, असं तिनं विचारलं. चांगला झाला, असं मी सांगितलं, आणि ती हसली.

पंधरा दिवसांनी कागद आला. अठ्ठावीस जण पास. तिची सबंध परीक्षा रद्द.

दिवाळी झाली आणि लग्नपत्रिका आली. जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेलो. मांडवात मानकऱ्यांना टॉवेल-टोपी देणं चाललं होतं. तिच्या वडलांनी माइकवरून माझं नाव पुकारायला लावलं. ते स्वतः पुढं आले आणि माझे दोन्ही हात धरले.

“सर, माफ करा,” ते हळूच म्हणाले. “तुम्ही इतकी मेहनत घेतली, अन् पोरीनं कॉपी करून तुमचं नाव खराब केलं. अजून कबूल करत न्हाई. म्हणती, सरांना विचारा. मी म्हटलं, सरांना कशाला तोंड दाखवू?”

ती पाच-सात हातांवर पाटावर बसली होती. तिनं आमच्याकडं पाहिलं. मी आता बोलेन असं तिला वाटत असणार, कारण ती नजर काढून घेत नव्हती.

मी टोपी डोक्यावर घेतली, टॉवेल खांद्यावर टाकला, आणि पंगतीत जाऊन बसलो.