भेरूलालची म्हैस

किस्से जमवायला मला कधी घराबाहेर जावं लागलं नाही. आमचं आणि पागनीसांचं स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून आहे आणि मधल्या भिंतीत वर एक झरोका आहे. इकडे मी भाजी चिरते, तिकडून किस्सा येतो. गल्लीत मला चोंबडी म्हणतात. म्हणू देत! ऐकू येतं त्याला मी काय करू, कानात बोळे घालून फोडणी देऊ?

पागनीसभाऊ जाऊन आता वर्ष होत आलं. झरोक्यातून हल्ली नुसती कुकरची शिट्टी येते. म्हणून म्हटलं, साठलेलं सांगून टाकावं. सगळे किस्से तसे एकाच गोष्टीचे आहेत: भाऊंची ऋजुता जनावरांची डॉक्टर होते की नाही.

*

पागनीस म्हणजे मूळचे शिंदे सरकारच्या पागेवरचे. घोड्यांचा दाणापाणी त्यांच्या पूर्वजांच्या हाती. भाऊ स्वतः रेल्वेच्या तिकीट खिडकीवरून रिटायर झाले. म्हणायचे, "आमच्या खापरपणजोबांच्या ताब्यात सरकारचे घोडे होते, माझ्या ताब्यात ही एक स्कूटर. आणि लाथ तेवढी घोड्यासारखी मारते!"

मुलगी एकुलती. तिच्या नावातला ऋ आमच्या हिंदी बोलणाऱ्या फ्रीगंजात कोणालाच जमेना, म्हणून ती सगळ्यांची रिजू झाली. गल्लीतलं लंगडं कुत्रं, पंख मोडलेलं कबूतर, सगळं हिच्या ओट्यावर भरती. बारावी झाली तशी म्हणाली, मला वेटरनरीला जायचंय.

मालतीवहिनींचं तोंड उतरलं. "लोकांच्या मुली माणसांच्या डॉक्टर होतात गं!"

भाऊ म्हणाले, "माणसं फार कुरकुर करतात. ही मऊ आहे, हिला जनावरंच बरी."

मऊ आहे, हे खरंच होतं. तिथंच सगळं अडलं.

*

परराज्यातलं एक कॉलेज होतं, तिथे लेखी परीक्षेनंतर मुलाखत घेतात. रिजू लेखीत पास झाली. मुलाखतीत एक सर म्हणाले, "समजा मी शेतकरी आहे. माझी म्हैस बसली आहे, उठत नाही. तुम्ही तपासलंत, तुम्हाला कळलंय की ती वाचणार नाही. आता मला सांगा."

आमची रिजू म्हणाली, "काळजी करू नका काका, उद्यापर्यंत उभी राहील!"

सर म्हणाले, "आणि परवा?"

ॲडमिशन गेली.

भाऊ तिला घ्यायला देवास गेटच्या बस स्टँडवर गेले. ती बसमधून उतरली ती रडतच. भाऊंना वाटलं, वर्ष वाया गेलं म्हणून रडते आहे. तर म्हणते, "बाबा, त्यांचा चेहरा इतका पडला होता ना!"

"कोणाचा गं?"

"त्या सरांचा. ते म्हशीवाले झाले होते ना!"

*

मग भाऊंनी ठरवलं, पुढच्या वर्षीची तयारी घरी करायची. रोज संध्याकाळी ओट्यावर इंटरव्ह्यू. समोरचे शर्माजी, शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, ते चेअरमन. मी लेडीज मेंबर. आणि भाऊ स्वतः म्हशीवाले! डोक्याला टॉवेल गुंडाळायचे, खांद्यावर घोंगडी टाकायचे, आणि मग ते भाऊ नव्हते, नागद्याकडून आलेले भेरूलाल होते.

शर्माजींना शिस्त लागायची. खुर्चीत बसून ते खणखणीत आवाज द्यायचे, "नेक्स्ट कँडिडेट!" कँडिडेट एकच, ती समोरच उभी. तरी रिजूने आत जायचं, दार वाजवायचं, मग यायचं.

पहिल्या दिवशी मला म्हणाले, "बहनजी, आप भी कुछ पूछिए."

मला काय सुचणार? मी विचारलं, "पोळ्या गोल येतात का?"

शर्माजींनी कपाळाला हात लावला. "बहनजी, यह रिश्ता नहीं, इंटरव्यू है!"

*

पण खरा पेपर भेरूलालचा.

"डागदर बई, म्हारी भैंस उठे नी! बचेगी के नी?" भाऊंची माळवी एवढ्या एका वाक्यात संपायची, पुढे भेरूलाल सरळ मराठीत यायचा.

रिजू दर वेळी निसटायची. एकदा म्हणाली, "इंजेक्शन देते." फेल! एकदा म्हणाली, "इंदूरला घेऊन जा, तिथे मोठे डॉक्टर आहेत." फेल! एकदा म्हणाली, "देवावर भरोसा ठेवा."

भेरूलाल चिडला. "देवावर भरोसा मी घरून ठेवूनच निघालोय! सगळं गाव महाकालाकडे जातं, मी तुझ्याकडे आलोय. का आलोय?"

मग टॉवेल काढून, भाऊ होऊन सांगायचे, "हे बघ बेटा, दोनच गोष्टी आहेत. खोटं बोलायचं नाही. आणि माणसाला एकटं टाकायचं नाही. लोक काय करतात, एक जमलं की दुसरं सोडतात."

एकदा तिनं धीर केला. "भेरूलालजी, तुमची म्हैस..." म्हणाली, आणि पुढे हुंदकाच फुटला. भेरूलालचेही डोळे भरले. त्याने डोक्याचा टॉवेल सोडला आणि पोरीचं नाक पुसायला बसला.

शर्माजी खुर्चीतून उठले. "पागनीसजी! पैनल रो नहीं सकता!"

*

दुसऱ्या वर्षी रिजू मुलाखतीला गेली. त्या दिवशी ओट्यावर आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो होतो. वहिनी आत देवापुढे. फोन वाजला. भाऊंनी स्पीकरवर टाकला.

"बाबा, झालं! घेतलं मला!"

शर्माजींनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी आधी विचारलं, "म्हशीचं काय सांगितलंस?"

"विचारलंच नाही बाबा! फावल्या वेळात काय करता, एवढंच विचारलं. मी म्हटलं, इंटरव्ह्यू देते. सगळे हसले!"

संध्याकाळी भाऊंनी आम्हा सगळ्यांना टावर चौकात नेऊन कुल्फी खायला घातली. स्वतःची मात्र हातातच वितळत होती. मी म्हटलं, "भाऊ, खा ना! पोरीनं नाव काढलं."

म्हणाले, "काढलं हो कुसुमताई. पण तो पेपर राहिलाय अजून."

*

कॉलेजातून पहिल्या दिवाळीला आली ती औषधात बुडवून काढल्यासारखी. पोरगी दारात आणि वास चौकापर्यंत! चकलीचा घाणा चालू असताना मी झरोका बंद केला असं आयुष्यात एकदाच झालं.

होस्टेलच्या गोष्टी सांगायची. मेसची डाळ बघून मुली म्हणतात, हिचं सॅम्पल लॅबला पाठवा. गाईनं शेपटी मारली की शेणाची कशी फुलं गालावर उमटतात. शेवटी त्यांच्याच घरी जाऊन मी तोंडाला पदर लावून सगळं ऐकत होते, आणि तिनं बॅगेतून ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. हाड! हातभर लांब. सुट्टीनंतर त्याचीच परीक्षा होती.

मालतीवहिनी किंचाळल्या. "लक्ष्मीपूजन आहे उद्या! काय आणलंस हे घरात?"

"आई, घोड्याचं आहे. पुढच्या पायाचं."

वहिनी क्षिप्रेच्या पाण्याची बाटली आणायला धावल्या. भाऊंनी ते हाड दोन्ही हातांत घेतलं, उजेडात धरलं, त्यावरून अंगठा फिरवला.

"मालती," म्हणाले, "शिंपड, शिंपड. किती पिढ्यांनी घरात घोडा आलाय!"

*

हा पुढचा झरोक्यातून आलेला. भाऊ फोनवर होते, स्पीकर लावून. रिजूचं तिसरं वर्ष असेल.

दवाखान्यात एक म्हातारी आपली बकरी घेऊन आली होती, ती वाचण्यातली नव्हती. सरांनी रिजूला म्हटलं, जा, तिला सांग. रिजू गेली आणि बकरीच्या गळ्यातलं दावं सोडायला लागली. गाठ पक्की होती. ती सोडवतच बसली. म्हातारी विचारते आहे, काय झालं बेटी, काय झालं, आणि ही गाठीशी झटते आहे. शेवटी सरांनीच येऊन सांगितलं.

"मग सर मला म्हणाले, पागनीस, बकरी गेली. आता गाठ सोडून काय करतेस?"

मला वाटलं, आता भाऊ म्हणणार, फेल! मी हातातलं लाटणं थांबवलं.

भाऊ म्हणाले, "जेवलीस का गं?"

*

भाऊंना खोकला आधीपासून होता. आम्ही सगळे म्हणायचो, धूळ आहे, हवा आहे, यात्रेच्या गाड्यांचा धूर आहे. मग वजन उतरायला लागलं. इंदूरला नेलं. मोठ्या डॉक्टरांनी भाऊंना बाहेर बसवलं आणि वहिनींना आत बोलावलं.

त्या दिवशी वहिनी माझ्या स्वयंपाकघरात आल्या. आधी स्टुलावर चढल्या आणि झरोक्यात उशी कोंबली. मग सांगितलं. सांगून म्हणाल्या, "कुसुमताई, त्यांना कळू द्यायचं नाही. रिजूलाही नाही, तिची परीक्षा आहे. तुमच्या तोंडाला कुलूप."

आता तुम्ही मला ओळखता. माझ्या पोटात लाडवाची रेसिपीसुद्धा राहत नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी ओट्यावरून हाक मारली. "कुसुमताई, काय खबर?"

मी म्हटलं, "काही नाही भाऊ, कैऱ्या आणायच्या आहेत."

"शर्माजींच्या सुनेचं काय झालं?"

"मला काय माहीत!"

"दूधवाला का बदललात?"

"असंच."

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. म्हणाले, "गल्लीतली कुसुमताई गप्प झाली म्हणजे माझं जरा जास्तच बिघडलेलं दिसतंय!"

मी कैऱ्या आणायला म्हणून निघाले आणि थेट टावर चौकापर्यंत जाऊन रिकामी पिशवी घेऊन परत आले.

*

आता हा शेवटचा. हा मी कोणाला सांगितला नव्हता.

परीक्षा संपवून रिजू आली. बॅग खांद्यावरच होती, भाऊ आतून पांघरूण घेऊन आले, खुर्चीत बसले. तिनं नुसतं बघितलं. त्यांचा श्वास बघितला, नखं बघितली. पाया पडताना घोट्याची सूज दाबून बघितली. जनावर बोलत नाही, त्यामुळे हिला बघायची सवय लागलेली.

वहिनींनी तिला आत ओढलं. "काही बोलायचं नाही. इंदूरला नवीन इंजेक्शन आलंय म्हणायचं. सोमवारी नेणार आहोत म्हणायचं. त्यांना उभारी राहील."

रिजू म्हणाली, "आई, सोमवारी नेऊन काय..."

"मी सांगते तेच बोलायचं!"

झरोक्यातली उशी तोपर्यंत काढलेली होती. मी ऐकलं.

सकाळी ऊन ओट्यावर आलं तसं भाऊंची खाट बाहेर काढली. मी मुगाचं कढण घेऊन गेले होते. रिजू खांबाला टेकून उभी होती. भाऊ तिला म्हणाले, "तो टॉवेल दे गं."

तिला वाटलं, घाम आला असेल. तिनं दिला. भाऊंनी तो डोक्याला गुंडाळला. टोक खोचलं जाईना, ते तसंच लोंबत ठेवलं.

"डागदर बई," म्हणाले, "म्हारी भैंस उठे नी."

"बाबा, नको ना."

"बाबा कोण? मी भेरूलाल. लांबून आलोय." खोकला आला, तो संपेपर्यंत थांबले. "बचेगी के नी?"

मी वाडगा हातात धरून उभी. मला वाटलं, ही आता इंजेक्शन म्हणणार.

रिजू खांबापासून निघाली. खाटेजवळ खाली बसली आणि टॉवेलचं लोंबणारं टोक नीट खोचून दिलं.

"नाही, भेरूलालजी," ती म्हणाली. "वाचणार नाही."

"इंजेक्शन?"

"देऊन झाली सगळी. आता आणखी टोचलं तर तिला नुसता त्रास."

"इंदूरला नेऊ?"

"नका नेऊ. रस्ता लांबचा आहे. तिला घरीच राहू दे. तिच्या जागेवर."

भाऊंनी जरा वेळ रस्त्याकडे बघितलं. एक ऑटो गेला.

"दुखेल का हो तिला?"

"दुखू नये म्हणून औषध असतं. ते मी बघीन." तिनं त्यांचा हात हातात घेतला. "मी इथेच आहे, भेरूलालजी. कुठं जात नाही."

ती रडली नाही. आवाजही हलला नाही.

भाऊंनी मान हलवली. डोक्याचा टॉवेल सोडला, मांडीवर ठेवून त्याची घडी घातली, कडेला कडा लावून, पूर्वी रेल्वेच्या कोटाची घालायचे तशी. मग घराच्या दाराकडे वळले आणि शर्माजींसारखा आवाज काढायचा प्रयत्न केला.

"नेक्स्ट कँडिडेट!"

दारात मालतीवहिनी उभ्या होत्या.