पेट्रोलची जीप डिझेलवर घेतली तेव्हा

इंजिन चिंचेच्या फांदीला साखळीनं टांगलेलं होतं. त्याखाली बॉनेट काढलेली जीप, आणि जीपच्या खाली मी. सासूबाई दारातून ओरडत होत्या, "आगं शालन, फांदी मोडली तर तुझ्या बापाला काय तोंड दावू?"

काळजी माझी होती की फांदीची, कळलं नाही. त्या फांदीला चिंचा लय लागायच्या. टांगलेल्या इंजिनाखाली शिरू नये, हा गॅरेजातला पहिला नियम. पण मी तेव्हा तरुण होते आणि नियम दुसऱ्यांसाठी असतात अशी माझी समजूत होती.

हे उंब्रजच्या आमच्या अंगणात. पेट्रोल भडकलं होतं त्या साली. मालक फौजेत, सरहद्दीवर. माझे वडीलही फौजेतलेच, तिथल्या वर्कशॉपमध्ये हवालदार. मुलगा नव्हता म्हणून त्यांनी मला पाना धरायला शिकवलं आणि लग्नात भांड्यांबरोबर पान्यांची पेटी दिली. सासरी भांडी मोजून घेतली. पेटीकडं कुणी बघितलं नाही.

जवळच्या साखर कारखान्याकडं फौजेच्या लिलावातल्या जुन्या जीपा होत्या. ओढ्यात घाला, चिखलात घाला, निघायच्या. पण पेट्रोल इतकं प्यायच्या की साहेबांच्या ऊस बघायच्या फेऱ्या बंद पडायची वेळ आली. माझे धाकटे दीर सर्जेराव तिथं ड्रायव्हर. साहेब त्यांना म्हणाले, "एक जीप डिझेलवर करून दाखवा. माणसं भरून पसरणीचा घाट चढली, तर सगळ्या जीपांचं काम तुमच्याकडे."

भाऊजींना जीप चालवता यायची, उघडता यायची नाही. घरी येऊन म्हणाले, "वैनी, तुमीच करा. काम तुमचं, नाव बी तुमचंच. साहेबास्नी मी सांगतो."

मी तिथल्या तिथं मनात पाटी रंगवली. शालन मिस्त्री, जीप दुरुस्ती. आजूबाजूला दोन फुलंसुद्धा काढली.

आता हे काम काय असतं ते सांगते. भंगारातून डिझेल इंजिन आणायचं. आम्ही सांगलीहून आणलं. ते वजनानं जड आणि अंगानं थरथरणारं. म्हणून त्याच्या खालचे रबराचे तुकडे, ज्यांना आम्ही फाउंडेशन म्हणतो, ते जाड घालायचे. जुनी बॅटरी सहा व्होल्टची, ती डिझेलला हलवू शकत नाही. ती बाराची करायची. एवढं कुणीही करेल. खरी मेख गिअरबॉक्सशी असते. गिअरबॉक्स जुनाच, इंजिन परक्या घरचं. दोघांची भोकं जुळत नाहीत. मग मध्ये एक जाड लोखंडी प्लेट घालून दोघांना जोडायचं. लग्नात मध्यस्थ असतो तशी.

प्लेट कराडच्या लेथवर करून घेतली. सगळं बसलं. सेल्फ मारला, इंजिन सुरू झालं. मी अंगणात उभी राहून असा रुबाब केला की जणू रणगाडा बनवलाय. भाऊजी जीप घेऊन चढावर गेले आणि मनगट चोळत परत आले.

"वैनी, थर्ड गिअर ठरत न्हाई. चढ आला की आपसूक न्यूट्रल हुतोय."

"तुम्ही नीट टाकत नसाल."

"आवं, हातानं दाबून धरलाय! मनगट गेलं माझं."

तीनदा गिअरबॉक्स उतरवला. दात बघितले, स्प्रिंग बदलली. व्यर्थ. मग वडिलांची युक्ती आठवली. इंजिनाच्या चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, एक ताठ तार बांधली. टोक प्लेटच्या गोल भोकाच्या कडेला टेकवलं आणि चाक हातानं फिरवलं. एका बाजूला तार खरवडत गेली. समोरच्या बाजूला फट. प्लेट बाजूला सरकलेली होती. केसभरच, पण तेवढ्यानं गिअरचा दांडा तिरका बसत होता. मी भोकं कानशीनं वाढवली, प्लेट सरकवली, तार सगळीकडं सारखी फिरली तेव्हा पोलादी खुंट्या ठोकून प्लेट पक्की केली.

पसरणीच्या घाटात साहेब पुढं, मागं कारखान्याची माणसं, आणि मी गिअरबॉक्सकडं कान लावून फळीवर. थर्ड गिअर जागचा हलला नाही. पाचगणीत साहेबांनी भाऊजींच्या पाठीवर थाप मारली. मी मनात म्हटलं, घरी गेल्यावर भाऊजी माझं नाव सांगतील.

आमच्याकडं रीत अशी की नवं इंजिन बसलं की गाडीपुढं नारळ फोडायचा आणि मिस्त्रीला फेटा बांधायचा. फेटा बांधला की पुढचं काम त्याचं. कागद नाही, सही नाही. चार माणसांसमोर बांधलेला फेटा कुणी मागं घेत नाही.

अंगणात गाव जमलं. साहेबांनी फेटा मागवला. सासूबाईंनी मला बाजूला ओढलं. "असल्या काळ्या हातांनी मान घेत्यात व्हय? जा, धुऊन ये. लुगडं बी बदल."

मलाही ते पटलं. इतके दिवस ग्रीसमध्ये लोळले, आणि चार माणसांत नटायची हौस तेव्हाच आली! रॉकेलनं हात पुसले, राखेनं घासले, नखांतला काळा मळ काडीनं काढला. हिरवं इरकल नेसले. आरशात बघून पदर फेट्याखाली कसा दिसेल, हेसुद्धा ठरवलं.

बाहेर आले तर फेटा भाऊजींच्या डोक्यावर. तुरा वाऱ्यावर हलत होता.

साहेब म्हणाले, "वहिनी, तुमचीही मदत झाली म्हणे. चहा फक्कड होता हं."

मी भाऊजींकडं बघितलं. ते तुरा सावरत होते. हळूच म्हणाले, "साहेबांनी बांधलाच. आता सोडायचा व्हय वैनी? अपशकुन हुतोय." मला एक नारळ आणि खण मिळाला. ओटी सासूबाईंनीच भरली.

कारखान्याच्या बाकी जीपा एकेक करून आमच्याच अंगणात आल्या. पहिली आली तेव्हा भाऊजी म्हणाले, "वैनी, जरा बघता का?" मी काय करावं? पदर खोचला आणि बॉनेट उघडलं. दारात आलेली जीप तशीच पडलेली मला बघवायची नाही, असली मी शहाणी. पगारवाढ भाऊजींना, सर्जेराव मिस्त्री हे नावही त्यांना. पुढं मालक फौजेतून आले आणि आम्ही सांगलीत गॅरेज काढलं. त्या पाटीवर मालकांचं नाव. गिऱ्हाइकं मला विचारायची, "मिस्त्री कुठं गेलेत?"

काम शिकायला येणाऱ्या पोरींना मी एवढंच सांगते. काम झालं की हात धुवायला आत जाऊ नका. आधी फेटा बांधून घ्या. साबण कुठं पळून जात नाही.