पहिले ऐब, मग हुनर

निजामाच्या अख्ख्या राज्यात माल विकणारे हजारोंनी असतील, पण मालाला नावं ठेवून माल विकणारा माणूस एकच होऊन गेला, आणि माझं नशीब असं की तो माझ्या मावशीचा नवरा होता. आमचे मावसाजी कपडे शिवायचं मशीन विकायचे. विलायती, काळंभोर, हाताने चाक फिरवायचं. बैलबंडीत गवताच्या गादीवर ते मशीन बाळंतिणीसारखं जपून ठेवायचं आणि आदिलाबादहून नार्नूरच्या बाजाराला, तिथून निर्मल, निर्मलहून बासरच्या जत्रेला, असा त्यांचा जन्म गेला. ज्या गावात लोकांनी धड शिंपी पाहिलेला नव्हता, तिथेही ते मशीन विकून यायचे. घरातला कर्तबगार माणूस म्हणून त्यांचा मला अभिमान वाटायला हवा होता. पण त्यांचं नाव निघालं की आजही पहिल्यांदा माझ्या कानाच्या पाळ्या तापतात. याचं कारण पुढे येईलच.

बाजारात बाकीचे विक्रेते घसा फोडून ओरडत. मावसाजी तोंडातून शब्द काढत नसत. चिंचेखाली लाल फडक्याने झाकलेलं मशीन मांडायचं आणि लोकांकडे पाठ करून निवांत पान लावत बसायचं. कोणी विचारलंच की "काय हाय जी याच्यात?" तर वळूनसुद्धा न बघता म्हणायचे, "काई नाई. तुमच्या कामाचं नाई." झालं! आपल्या कामाचं नसलेलं ते काय आहे हे बघायला अर्धा बाजार लोटायचा. गर्दी मनासारखी झाली की फडकं ओढायचे आणि ठरलेलं वाक्य टाकायचे, "पयले ऐब सांगतो, मंग हुनर." मग ऐबांची यादी सुरू. "उलटं घुमवलं तं दोरा तोडते. पावसाळ्यात रुसते. तेल पाजलं नाई तं रातभर रडल्यासारखं बोंबलते. पटत नसन त्यानं आताच घरी जा!" तेलुगू बायकांना हेच "चूडंडि अम्मा", म्हणजे बघा बाई, असं म्हणत, व्यापाऱ्यांना हेच हिंदीत. इतकी निंदा ऐकून लोकांनाच मशीनची दया यायची. कोणीतरी म्हणायचंच, "अजी, एवढं काई वाईट नसन ते!" तेव्हा मावसाजी गर्दीतला सगळ्यात आंबट चेहरा हेरायचे आणि मशीनचा दांडा त्याच्या हातात द्यायचे. त्यांचं म्हणणं असं की दाखवणाऱ्याने फार दाखवू नये. "पाह्यणाऱ्याच्या हातात दांडा द्या आन् आपण चूप बसा. स्वतःच्या हातानं शिवलेलं कोणी वाईट म्हन्ते का?" मग स्वतःच्या सदऱ्याची बाही टर्रकन फाडून ते सुईखाली सरकवायचे. त्यामुळे त्यांच्या सगळ्या सदऱ्यांच्या बाह्या शिवणींनी भरलेल्या असत, आणि ते त्या कौतुकाने दाखवत. ही नार्नूरची शिवण, ही बोथची, ही वाकडी उटनूरच्या पाटलाची. मावशी म्हणायची, "यायच्या अंगात बाजार शिवला हाय."

ही सवय मशीनपुरती राहिली असती तर चाललं असतं. पण मावसाजी जे दाखवतील ते असंच दाखवायचे. मावशीची ओळख करून देताना म्हणत, "ही आमची मंडळी. राग लवकर येते, बाकी टिकाऊ." आमच्या घरी जेवायला आले की पंगतीला सांगत, वरणात मीठ कमी आहे, पण वांग्याच्या भाजीला तोड नाही. आई पदराआड कपाळाला हात लावायची. माझे वडील तहसील कचेरीत साहेबांपुढे कागद ठेवणारे पेशकार. काळी शेरवानी, रुमी टोपी, आवाज असा की शेजारच्या खोलीत जाऊ नये. आपला साडू चिंचेखाली बसून बाही फाडतो, याची त्यांना अशी लाज वाटे की बाजाराच्या दिवशी ते कचेरीतून मागच्या गल्लीने घरी यायचे.

पण एकदा साडूच कचेरीत आला. चपराशांचे कपडे शिवायला सरकारला मशीन हवं होतं, आणि हैदराबादेहून एक सूटबूटवाले गृहस्थ आपलं मशीन घेऊन आले होते. त्यांनी मालाची इतका वेळ तारीफ केली की समोर बसलेल्या तालुकदारसाहेबांना डुलकी लागून हातातली पानाची डबी कलंडली. मग मावसाजी उठले. "हुज़ूर, पहले ऐब देखिए, हुनर बाद में." साहेब खडबडून जागे झाले. त्यांच्यासमोर ऐब सांगणारा तोवर कोणी उभाच राहिला नव्हता. मावसाजींनी सवयीने खोलीभर नजर फिरवली, त्यांना सगळ्यात आंबट चेहरा साहेबांचाच दिसला, आणि दांडा साहेबांच्या हातात गेला. साहेब लहान मुलासारखे चाक फिरवत सुटले आणि थांबले तेव्हा नमुन्याचं कापड त्यांच्या स्वतःच्या शेरवानीच्या टोकाला पक्कं शिवलं गेलं होतं. साहेबांनी ती शिवण ओढून पाहिली. सुटेना. "मज़बूत है," म्हणाले, आणि मग विचारलं, "ये किसके रिश्तेदार हैं?" माझे वडील कागदांचा गठ्ठा छातीशी धरून खिडकीबाहेरचं लिंबाचं झाड बघत राहिले. मशीन मावसाजींचंच घेतलं गेलं, तरी वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

आता माझ्या कानाकडे येते. लहानपणी माझा डावा कान फुटला आणि कायमचा बंद झाला. ही गोष्ट आमच्या घरात तिजोरीसारखी जपली जायची. परक्या माणसासमोर मला नेहमी डावी बाजू भिंतीला लावून बसवत, आणि आई कोपराने खुणा करी. एक सोयरीक ठरत आली असताना त्यांना कानाचं कुठूनसं कळलं आणि बोलणं मोडलं. तेव्हा मी इतकी रडले की आईने शपथच घेतली, पुन्हा हे कोणाला कळू द्यायचं नाही. पुढे निर्मलच्या एका मास्तरांचं स्थळ आलं. मास्तर शांत, घर खातंपितं. हेही हातचं गेलं तर पुढे काय, असं आई-वडील कुजबुजायचे. उजव्या कानाने मला ते स्वच्छ ऐकू यायचं. ते मला बघायला येणार त्या दिवशी मावसाजींना कळवूच नये असं ठरलं होतं. आणि ऐन वेळेला अंगणात बंडी थांबली! पावण्यांसमोर साडूला हाकलता येईना. वडिलांनी त्यांना कोपऱ्यातल्या सतरंजीवर बसवलं आणि हात जोडून सांगितलं, "आज काही बोलू नका."

मी पोहे घेऊन बाहेर आले तर काय, भिंतीकडची जागा पावण्यांनी आधीच धरलेली. मुलाची आई नेमकी माझ्या डाव्या बाजूला. त्या इतक्या हळू बोलत होत्या की नुसते ओठ हलताना दिसायचे. त्यांनी काहीतरी विचारलं. मी पोह्यांकडे बघत बसले. पुन्हा विचारलं. आई घाईने म्हणाली, "लाजून राह्यली जी पोरगी." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सगळ्या खोलीला कळलं की लाजणं एवढं लांबत नाही. आणि कोपऱ्यातून तो आवाज आला, जो मी सगळ्या जिल्ह्यात कुठेही ओळखला असता.

"पयले ऐब सांगतो!"

वडिलांनी डोळे मिटले. मावसाजी उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. "पोरीचा डावा कान बंद हाय. लहानपणी फुटला. दवा केली, नवस केले, काई झालं नाई. आता हुनर आयका. उजवा असा हाय का घाटाखालच्या बैलाची घंटी आयकून बंडी कोणाची ते सांगते. आन् दोन कानाचे लय लोक पाह्यले मी, आयकत कोणी नाई." मग त्यांनी खोलीवर नजर फिरवली, आणि मला कळलं की आता दांडा कोणाच्या हातात जाणार. "या बाई," ते मुलाच्या आईला म्हणाले, "इकडं उजवीकडं बसा आन् इचारा काय इचाराचं ते."

धरणीने पोटात घ्यावं असं लोक म्हणतात. मी खरोखर फरशीकडे बघत होते. मुलाचे वडील उठले, काका उठले, कोणी जोडे शोधायला लागलं. आई भिंतीला टेकली. तेवढ्यात असा काही आवाज झाला की आढ्यावरच्या चिमण्या उडाल्या. "बसा खाली!" मुलाची आई बोलत होती. "मले कोणी इचारलं? घरून निघाल्यापासून माह्या तोंडाले कुलूप लावलं तुमी! हळू बोल, हळू बोल! माहा आवाज आयकून पोरीवाले पळते म्हणून!" मग उठून ती बाई माझ्या उजवीकडे येऊन बसली. "आमचाही ऐब आयका जी. मी अशी बोलते. दोन कानाची सून माह्या घरात टिकाचीच नाई. मले हेच पोरगी पाह्यजे." मास्तर पहिल्यांदाच हसले. मावसाजी सतरंजीवर परत जाऊन पोहे खाऊ लागले आणि म्हणाले, मीठ कमी आहे.

लग्न झालं, संसार उत्तम झाला. हे रस्त्याने चालताना न सांगता माझ्या उजव्या हाताला येत, आणि सासूबाई रागावल्या की मी डावा कान पुढे करी. पण माझी लाज काही गेली नाही, उलट ती मावसाजींनी निर्मलच्या बाजारात नेली. मशीनच्या ऐबांच्या यादीला त्यांनी माझी गोष्ट जोडली! "भाचीचा कान बंद हाय म्हणून सांगून सोयरीक जमवली, तिथं मशीन काय चीज हाय?" लोक पोट धरून हसायचे आणि मशीन घ्यायचे. भाजीवाल्या मला बघितलं की सरकून उजवीकडे यायच्या आणि भाव ओरडून सांगायच्या. मी बाजाराच्या दिवशी खेळणी करणाऱ्यांच्या आळीतून लांबचा फेरा घालून जाऊ लागले. आपण अगदी वडिलांसारखं वागतोय हे कळायचं, आणि त्याचीही लाज वाटायची. एकदा जेवायला वाढताना म्हटलंच, "मावसाजी, बाजारात माझं नाव नका घेत जाऊ." तर ते भाकरी मोडत म्हणाले, "नाव कुठं घेतो माय? कानच घेतो." माझ्यासारख्या बाईने अशा माणसावर किती दिवस रागावावं? मी तरी रागावले.

पुढे मावसाजी थकले. एकदा आमच्या कोनाड्यातला लाकडी आंबा उचलून त्यांनी नाकाशी नेला आणि "पिकाले वेळ हाय" म्हणाले. आम्ही खूप हसलो. मावसाजींचा विनोद, दुसरं काय?

मग एका बाजाराच्या दिवशी सासूबाईंसाठी औषध आणायची घाई होती म्हणून मी सरळ रस्त्याने निघाले. चिंचेखाली गर्दी होती. पदर पुढे ओढून सटकावं म्हटलं, पण गर्दी हसत होती आणि ते हसणं नेहमीचं नव्हतं. मावसाजींनी आंबट चेहऱ्याच्या माणसाला दांडा दिला होता, त्याने चाक उलटं फिरवलं होतं, आणि मशीनने सांगितल्याप्रमाणे दोरा तोडला होता. मावसाजी दोरा ओवत होते. टोक ओठांत ओलं करत, सुईकडे नेत, आणि दोरा सुईच्या शेजारून निघून जाई. पुन्हा ओठांत, पुन्हा शेजारून. मावशी रोज निघताना सुईत दोरा ओवून द्यायची, हे तिने मला पुढे सांगितलं. गर्दीतून कोणी ओरडलं, "चाचा, ये ऐब तो बताया नहीं!" लोक पांगायला लागले. मान खाली घालून, हसल्यासारखं तोंड करून मावसाजी सुईशी चाळा करत राहिले. ते तोंड मी ओळखत होते. न ऐकू येणारा प्रश्न समोर असताना पोह्यांकडे बघत बसलेल्या माणसाचं तोंड तसंच होतं.

पेशकारांची मुलगी, मास्तरांची बायको, भर बाजारात मी त्यांच्या शेजारी मातीत बसले. पदर मागे टाकला, दोरा त्यांच्या हातातून घेतला आणि ओवला. मग आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत मोठ्याने बोलले, तेही सासूबाईंच्या पट्टीत. "पयले ऐब सांगते. यायले सुई दिसत नाई. आता हुनर पाहा." आणि मी माझ्या चोळीची बाही धरली, टर्रकन फाडली आणि सुईखाली सरकवली. लोक परत वळले. मावसाजींनी चाक फिरवलं. हात पूर्वीसारखाच चालत होता.

चाक फिरवता फिरवता ते माझ्या बाजूला झुकले आणि काहीतरी म्हणाले. बराच वेळ बोलले. मला गालाशी फक्त त्यांचा श्वास जाणवला, कारण ते माझ्या डावीकडे बसले होते. माझा कोणता कान बंद आहे हे ज्याने सगळ्या जिल्ह्याला सांगितलं, तो माणूस ही गोष्ट विसरला असेल असं मला वाटत नाही. मी मान हलवली. काय म्हणाले होते, हे पुढे विचारायचं राहूनच गेलं.