दारावरचा चिखल

भाड्याच्या गाड्यांची फ्रँचायजी म्हणजे काय, हे समजावून सांगताना माझं निम्मं आयुष्य गेलं. गाड्या माझ्या, हप्ते माझे, दुकानाचं भाडं माझं, गिऱ्हाइकांच्या शिव्याही मीच खायच्या. मग कंपनीचं काय? नाव! ते दोन्ही दारांवर हातभर हिरव्या अक्षरांत चिकटवायचं आणि त्या नावापायी दर महिन्याला कमाईतला वाटा पुण्याला धाडायचा. स्टिकर काढलं की करार रद्द. बदल्यात कंपनीनं अमरावती जिल्हा मला दिला, अकोला दुसऱ्याला. त्या अकोल्यावाल्याचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं, पण दर्यापूरच्या गिऱ्हाइकांवरून फोनवर आम्ही एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. "दर्यापूर माह्या हद्दीत हाये!" मी ओरडायचो. "मंग बांधून ठेवा ना!" असा खवट माणूस.

आमच्याकडे बिनड्रायव्हरची गाडी लोक सगळ्यात जास्त कशाला नेतात? पोरगी पाहायला. आणि पोरगी पाहायला जाताना दारावर भाड्याच्या कंपनीचं नाव कोणाला हवं असतं? म्हणून ऐन मे महिन्यात माझ्या गाड्या परत यायच्या त्या दोन्ही दारांना चिखल माखून. बाकी गाडी चकाचक. मी विचारायचो, "राजेहो, उन्हाळ्यात चिखल कुठचा?" समोरचा आभाळाकडे पाहायचा. मी मुकाट धुलाईचे पैसे लावायचो. मुकाट कसला, चांगला झापायचो.

मग पाळी आमच्याच घरावर आली. माझा मुलगा माझ्यासोबत दुकान सांभाळतो. त्याला दोन ठिकाणांहून नकार आला, आणि दोन्हीकडे कारण एकच, "पोट्टा भाड्याच्या गाड्याइचा धंदा करते." पोरगं वरवर हसायचं, पण त्याचं जेवण कमी झालं होतं. माझ्या जिवाला ते फार लागायचं. तिसरं स्थळ अकोल्याचं आलं, तेव्हा बायकोनं मध्यस्थाला एवढंच सांगितलं की गाड्यांचा बिझनेस आहे.

निघायच्या दिवशी बाहेर येऊन पाहतो तर बाईसाहेब कुंडीतली काळी माती कुलरच्या पाण्यात कालवून गाडीच्या दाराला फासताहेत.

"अवं, हे काय करून राहिली?"

"दिसत नाही का? पोराचं लगन जमवून राहिली."

मी तोंड उघडलं, तिनं मातीचा हात वर केला, मी तोंड मिटलं.

अकोल्यात मुलीच्या घरी पोहोचलो तर अंगणात पांढरी गाडी उभी. बायकोनं मला कोपरानं ढोसलं. "पाहा, त्याइच्या घरीबी गाडी हाये. बरं झालं मी चिखल लावला." मी जवळ जाऊन पाहिलं. गाडी चकाचक, आणि दोन्ही दारांवर, बरोबर हातभर जागेत, चिखल! अकोल्यावाल्याकडून भाड्यानं आणलेली गाडी. गाड्यांच्या बिझनेसवाले पाहुणे येणार म्हणून मुलीच्या बिचाऱ्या बापानं आपलं अंगण भरून दाखवलं होतं.

आत पोहे झाले, चहा झाला. मुलगी खणखणीत बोलणारी. तिनं माझ्या मुलालाच उलटे प्रश्न विचारले, आणि कित्येक दिवसांनी तो मोकळा हसला. ते हसू पाहून मी मनात म्हटलं, हे स्थळ जायला नको रे बाप्पा! पण मुलीचे वडील हो म्हणेनात की नाही म्हणेनात. सारखे घड्याळाकडे पाहत होते. बायकोचा चेहरा पार उतरला. "गेलं हेबी," ती पुटपुटली.

मला मात्र त्या नजरेची ओळख पटली. गाडी परत द्यायची वेळ टळली की तासातासाला दंड चढतो, तो नियम अकोल्यात थोडाच वेगळा असणार! बोलावं तर त्यांची लाज उघडी पडणार आणि बहुतेक स्थळही जाणार. पण माणूस आतल्या आत तळमळत होता, ते मला पाहवेना.

"या ना जी जरा बाहीर," मी म्हणालो.

अंगणात येऊन मी ओल्या रुमालानं आमच्या गाडीचं दार पुसलं. हिरवं नाव बाहेर आलं. त्यांनी नाव पाहिलं, मला पाहिलं, मग स्वतःच्या अंगणातली गाडी पाहिली.

"तुमचीबी भाड्याची?"

"गाडी माहीच हाये, नाव तेवढं भाड्याचं. माहं पोरगं हाच धंदा करते. पटते का नाही ते मंग सांगा. आदी तुमची गाडी देऊन येऊ, दंड लागून राहिला."

त्यांच्या गाडीत बसून आम्ही दोघं भाड्याच्या दुकानावर पोहोचलो.

काउंटरवरून एक जाडजूड माणूस बाहेर आला. गाडीला फेरी मारून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "राजेहो, उन्हाळ्यात चिखल कुठचा?"

फोनवरचा तो आवाज मी लगेच ओळखला. हाच तो! मुलीच्या वडिलांनी आभाळाकडे पाहिलं. मग तो माझ्याकडे वळला, "अन् हे कोण?"

मुलीच्या वडिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हे? हे माहे व्याही."

धुलाईचे पैसे मी भरले. दर्यापूरचं नावसुद्धा काढलं नाही.