आढ्याला टांगलेलं हवाई जहाज

माझी आत्ती, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आरतीला कधी टाळ्या वाजवायची नाही. शेजारी गणपती बसला की आम्ही दोघी जायचो. सगळे ताल धरायचे आणि आत्ती दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून उभी असायची. मला वाटायचं, बेळगावच्या कॅम्पातल्या बंगल्यांत गोऱ्यांची पोरं उचलून उचलून हात कामातून गेले असतील. विचारलं तर म्हणायची, "देवाला ऐकू येतंय गं, टाळ्या कशाला पायजेत?"

मी तिच्याकडे राहायला आले ती नवरा गेल्यावर. सासर खानापूरकडचं, तिथं मला ठेवायला कुणी तयार नव्हतं. माहेर पिरनवाडीला, तिथं भावांचे संसार वाढलेले. आत्तीनं निरोप धाडला, "माझ्याकडं लावून द्या तिला." वडील मला सोडायला आले, पण आत्तीच्या हातचं पाणी पिऊन गेले नाहीत. आत्ती समुद्र ओलांडून विलायतेला जाऊन आली होती. त्याला पंधरा वर्षं उलटून गेली होती, तरी गावानं तिला आत घेतलं नव्हतं.

ती आया होती. पहिल्या लढाईच्या आधी तिच्या मडमेनं दोन पोरांसोबत तिलाही विलायतेला नेलं. सहा महिन्यांत परत यायचं होतं. मग लढाई लागली, बोटी बंद झाल्या आणि आत्ती तिकडेच अडकली, पार लढाई संपेपर्यंत. तिकडचं ती फार बोलायची नाही. थंडी, कोळशाचा धूर, उकडलेला बटाटा, एवढंच. परत आल्यावर कॅम्पाच्या कडेला एका बंगल्याचा जुना तबेला तिला राहायला मिळाला होता. घोडे कधीच गेले होते. खोली एकच, पण आढं इतकं उंच की वरच्या कौलांत पाखरं घरटी करायची. तिथं मी शिवणाचं मशीन मांडलं. कॅम्पातल्या बायकांचे झगे आणि शहापूरच्या बायकांच्या चोळ्या शिवत असे.

एका रविवारी सकाळी दारात सायकल थांबली. खाकी अर्धी चड्डी, लालबुंद चेहरा, बावीस-तेवीस वर्षांचा गोरा. मी पदर सावरून मशीनमागून उठले. तो माझ्याकडे बघेचना. आतल्या चुलीकडे बघत म्हणाला, "आया? मी आलोय. मला भूक लागलिया."

आत्तीच्या हातातली फुंकणी खाली पडली. तिनं त्याला पुरतं पाहिलंसुद्धा नव्हतं. आवाज मोठ्या माणसाचा, पण बोली आमच्या पिरनवाडीची, तीही चार वर्षांच्या पोराची. तिनंच शिकवलेली.

"बाबा?" ती म्हणाली. "माझा बाबा?"

आपल्या मडमेच्या धाकट्या पोराला ती बाबा म्हणायची. आता तो पलटणीत साहेब होऊन बेळगावला आला होता आणि आल्या आठवड्यातच त्यानं तिला हुडकून काढलं होतं. त्या दिवशी त्यानं आमच्यात बसून भाकरी आणि झुणका खाल्ला. आत्ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या हातचं खायला कुणीतरी इतक्या लांबून आलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग तो दर रविवारी येऊ लागला. त्याची मराठी हळूहळू वाढली, तरी कुठं शब्द अडला की हिंदुस्तानी घालायचा. दोन-तीन महिन्यांनी तो एक लांबट खोका घेऊन आला. विलायतेहून पार्सलनं मागवला होता. झाकणावर चित्र होतं. रात्रीचं आभाळ आणि त्यात दुधी भोपळ्यासारखं लांबलचक, रुपेरी काहीतरी. अंगावर काळी फुली.

"आया, ह्ये बग," तो लहान पोरासारखा म्हणाला. "जर्मन हवाई जहाज. लढाईतलं. तू आन् मी बगितलंतं. आटवतंय?"

आत्ती खोक्याजवळ गेली नाही. "आटवतंय," एवढंच म्हणाली.

त्यानं मला सगळं सांगितलं. पोटात गॅस भरलेली ही अजस्र जहाजं रात्री समुद्र ओलांडून लंडनवर यायची आणि बाँब टाकायची. तो तेव्हा पाच वर्षांचा. एका रात्री आत्तीनं त्याला झोपेतून उचलून बाहेर आणलं. सगळी गल्ली रस्त्यावर आलेली. आभाळात एका जहाजाला आग लागली होती आणि रात्र असून दिवसासारखा उजेड पडला होता. "माज्या लहानपणातली सगळ्यात मोठी गंमत ती," तो म्हणाला. "मी आयाच्या खांद्यावर हुतो."

आत्ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "आता ह्याचं काय करनार?"

"जोडनार. पलटणीत जागा न्हाय, लोक हसतील. हितं जोडू का?"

ती नाही म्हणेल असं मला वाटलं. पण जोडायला तो येत राहील, हे तिच्या ध्यानात आलं असावं. "जोड की," ती म्हणाली.

खोक्यात पातळ लाकडाच्या लहानमोठ्या कड्या होत्या, काडीसारख्या लांब पट्ट्या, पत्र्याचे पंखे, सरसाची नळी आणि कुठला तुकडा कुठं बसतो ते दाखवणारा नकाशा. पट्ट्यांवर कड्या ओवत ओवत तो सांगाडा वाढवत गेला. बघता बघता मशीनपासून दारापर्यंत माशाच्या काट्यासारखं काहीतरी पसरलं. वरून चढवायचा कागद मात्र पावसाळी हवेनं चिकटून फाटला. तो हिरमुसला. माझ्याकडे शहापूरच्या एका गिऱ्हाइकानं शिलाईच्या बदल्यात दिलेलं पातळ रेशीम होतं. मी म्हटलं, "हे ताणून बसवते." दोन रविवार मी ते बारीक टाक्यांनी शिवलं आणि वरून तांदळाची खळ लावली. वाळल्यावर ढोलकीच्या चामड्यासारखं ताठ झालं. मला त्या कामाचा अभिमान वाटला, हे खोटं कशाला सांगू? ते यंत्र काय करायचं हे मला ऐकून माहीत होतं, पण माझ्या हाताखाली ते नुसतं रेशीम होतं.

आत्ती लांबून बघायची. एकदा जवळ आली आणि म्हणाली, "ह्यात मानसं कुठं बसायची?"

त्यानं खाली लटकणारी होडीसारखी खोली दाखवली. "ह्यात चालवनारे. मागच्या ह्यात इंजनवाले. आन् एक हितं, वर, पाठीवर. बंदूक घिऊन. लई थंडी असती वर."

"समदी मिळून किती?"

"पंदरा-वीस असतील."

"ह्या खोक्यात त्यांची मानसं दिली न्हाईत व्हय?"

तो हसला. "न्हाय आया. मानसं कोण देतंय?"

त्यानंतरच्या आठवड्यात ती दुपारभर कापूस घेऊन बसायची. मला वाटलं, देवाच्या वाती वळते आहे.

जहाज पुरं झालं त्या रविवारी त्यानं त्याच्यावर रुपेरी रंग दिला आणि दोन्ही बाजूंना काळ्या फुल्या काढल्या. मग शिडी लावून आढ्याच्या वाशाला दोरी बांधली. टांगणार तेवढ्यात आत्ती ताटली घेऊन आली. ताटलीत कापसाची माणसं होती. कापूस पिळून, काळ्या दोऱ्यानं मान आणि कंबर आवळून केलेली. बोटाच्या पेराएवढी.

"ही बसीव," ती म्हणाली.

तो हसला. माझ्याकडे बघून डोळा मारला. "बाहुल्या खेळतीस काय आया?"

"बसीव म्हटलं न्हवं?"

तिचा आवाज ऐकून तो शिडीवरून उतरला. आत्ती जमिनीवर बसली, ताटली मांडीवर. पंधरा-वीस वर्षं तिनं जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते भर दुपारी, दार उघडं असताना, सांगितलं.

"तू म्हनतोस गंमत. समद्यांनी तसंच म्हटलं. ते पेटलं तवा सगळी गल्ली नाचाय लागली. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. ठेसनातल्या इंजनांनी शिट्ट्या मारल्या. कुनीतरी गानं म्हनाय लागलं. तू खांद्यावर बसून टाळ्या वाजवाय लागलास. मीबी वाजिवल्या. जोरात. माझ्याइतक्या जोरात कुनी वाजिवल्या नसतील. मग त्यातनं एक ठिनगी सुटली. बाकी समदं सावकाश खाली येत हुतं, ही एकलीच झरझर आली. मला वाटलं, कापडाचा तुकडा असंल. मी आनी जोरात टाळ्या वाजिवल्या. सकाळी सैपाकघरात कळलं, त्यो मानूस हुता. जळन्यापरास बरं म्हनून उडी टाकली हुती."

मग त्याचं तोंड लाल झालं. "त्यांनी आपल्यावर बाँब टाकलं, आया. त्यांनी पोरं मारली."

"म्हाईत हाय मला. पल्याडच्या गल्लीतली दोन पोरं मेलती. त्यास्नी उचलून नेताना मी बगितलं. तुला आत कोंडून मी बगाय गेलतो." आमच्याकडच्या बायका बोलतात तशीच ती बोलायची, मी गेलतो, मी आलतो. "त्या पोरांसाठी रडून झालं माझं. ह्येच्यासाठी कुनी रडलं न्हाय. आनी त्यो मला सोडत न्हाय बाबा. दोन हात जवळ आनले की त्यो खाली याय लागतो."

मला पदराखालचे ते हात आठवले.

तो उठला, टोपी घेतली आणि चहा न पिता सायकलवर बसून गेला. जहाज जमिनीवरच राहिलं. आत्तीनं एकेक माणूस उचलून होडीसारख्या खोल्यांत बसवला. पाठीवरच्या जागी एकाला ठेवताना मला म्हणाली, "ह्येला जरा खळ लाव गं. पडंल." मी लावली. मग आम्ही दोघींनीच ते शिडीवर चढून टांगलं.

पुढचे काही रविवार तो फिरकला नाही. आत्ती भाकरी करून ठेवायची आणि संध्याकाळी कुत्र्याला घालायची. मग एक दिवस तो आला. आत न येता उंबऱ्यावर बसला. वर आढ्याकडे बघितलं. बारीक आवाजात विचारलं, "आया, मला ती ठिनगी दिसली हुती का?"

"तू पोर हुतास."

"मी तवा टाळ्या थांबवल्या का?"

आत्तीनं खोटं सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण तिला त्याच्याशी खोटं बोलता येत नव्हतं. "न्हाय रं," ती म्हणाली. "दोघांनीबी न्हाय."

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "मला आता ती दिसाय लागलिया. आदी न्हवती. आता हाय." आत्तीनं त्याचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं. मी चुलीकडे गेले.

त्या वर्षाअखेरीस त्याची बदली सरहद्दीकडे झाली आणि मग काही वर्षांनी दुसरी लढाई लागली. जहाज आमच्या डोक्यावर राहिलं. कौलातून वारा आला की ते सावकाश वळायचं, दाराकडे तोंड करायचं, पुन्हा भिंतीकडे. त्याची सावली मशीनवरून सरकायची आणि माझा टाका चुकायचा. खाली अंथरुणावर पडून आत्ती त्याच्याकडे बघायची. "आज हललं न्हाय," म्हणायची, किंवा, "आज लई फिरतंय." काढून टाकू का म्हटलं तर नको म्हणायची. "हितं हाय तवर ते हवेत हाय. पडलं न्हाय."

कधीच न पाहिलेलं ते शहर मला स्वप्नात दिसू लागलं. इंजिनांच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. मी उठून बसले की आत्तीही जागीच असायची.

शहराबाहेर सांबऱ्याला विमानतळ झाला तेव्हा आत्ती थकली होती. विमानाचा आवाज आला की भिंत धरत अंगणात जायची. आभाळाकडे बघायची नाही, नुसतं कान देऊन उभी राहायची. मला विचारायची, "उतरलं का गं नीट?" मला इथून काय दिसणार? मी म्हणायची, "उतरलं." मग ती आत यायची. एका हिवाळ्यात तिला खोकला झाला आणि ती आठवड्याभरात गेली. पिरनवाडीहून माझे भाऊ आले आणि त्यांनीच खांदा दिला. जिवंतपणी तिच्या घरचं पाणी न पिणाऱ्यांनी तिला पाणी पाजलं.

इंग्रज जाणार असं सगळीकडे बोललं जात होतं, त्या सुमाराला तो आला. मी त्याला ओळखलं नाही. पूर्वेकडच्या लढाईत तो कैदी झाला होता. अंगावर मांस नव्हतं, केस पिकले होते. आत्ती गेल्याचं सांगितलं तर म्हणाला, "व्हय. मला वाटलंच." त्याच्या मराठीतलं लहान पोर आता उरलं नव्हतं. तिला जिथं जाळलं ती जागा दाखवायला मी त्याला घेऊन गेले. तो तिथं बराच वेळ बूट काढून उभा राहिला.

परत आल्यावर आम्ही जहाज उतरवलं. माझं रेशीम पिवळं पडून कडक झालं होतं, काही ठिकाणी उंदरांनी कुरतडलं होतं. मी विचारलं, "हे नेऊन काय करणार?"

"म्हाईत न्हाय," तो म्हणाला. "पन हितं तुज्या डोक्यावर कशाला ठेवू?"

मी ते जुन्या चादरीत गुंडाळून वरून टाके घातले. त्यानं ते दोन्ही हातांवर आडवं घेतलं, आजारी माणसाला न्यावं तसं, आणि चालत गेला.

मला वाटलं होतं, आता झोप लागेल. लागली नाही. रिकाम्या आढ्याकडे नजर जायची आणि उंच जागा अजून भरलेलीच वाटायची. महिन्याभरात मी मशीन बैलगाडीवर घातलं आणि निपाणीला मावसबहिणीकडे गेले. तिथं मला मिळालेली खोली तंबाखूच्या वखारीमागची होती. सगळीकडे तंबाखूचा नाकात झोंबणारा खाट, उठता बसता शिंका. छप्पर इतकं बुटकं की उभी राहिले तर कौलांना हात लागायचा. पहिल्या रात्री अंथरुणावर उभी राहून मी हात वर केला, कौल चाचपलं, आडवी झाले, आणि मग मला झोप लागली.