फुली आधी पुसायची

बायको गेली तेव्हापासून मी देवळाची पायरी चढलो नव्हतो. कुणासाठी चढायची? तिच्या भजनाची एक कॅसेट तेवढी राहिली. रोह्याला जावयानं ती दोनदा कॉम्प्युटरात भरली. दोन्ही वेळा मधेमधे आवाज गायब, तेही बहुतेक वेगवेगळ्या जागी. हौसेनं टाकलेल्या नव्या सिस्टीमचा दोष, म्हणाला. कॅसेटची पट्टी झडायला लागलेली. "बाबा, आता एकदाच चालेल."

लेकीनं नारळ देऊन मला ग्रामदैवताच्या, धावीर महाराजांच्या देवळात पिटाळलं. मी नारळ ठेवला आणि मोठ्यानं बोललो, "माणूस नेलंस. आवाज तरी ठेव. कॉम्प्युटर नीट कर."

मागं कुणी हसलं. नात्यातल्या लग्नाला आलेली परगावची बाई. "काय झालंय आजोबा कॉम्प्युटरला?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"त्याचाच पगार घेते."

ती घरी आली, जेवण निवेपर्यंत स्क्रीनसमोर बसली. मग मला समजेल असं सांगितलं. आवाज आधी कॉम्प्युटरच्या मेमरीत पानापानांवर येतो, मग पान डिस्कवर उतरतं. उतरायच्या पानावर खूण असते. ही सिस्टीम पान उतरवून झाल्यावर खूण पुसत होती. तेवढ्यात त्याच पानावर नवा आवाज आला असला, तर त्याचीही खूण जायची. तो उतरायचाच राहायचा.

हे मला कळलं. पेणला गणपतीच्या कारखान्यात जन्म गेला माझा. ओल्या मूर्तीच्या पाटावर आम्ही खडूची फुली मारायचो आणि उन्हातून आत घेताना पुसायचो. मधे कुणी रंगाचा दुसरा हात मारला असला, तर त्याचीही फुली पुसली जायची. ओली मूर्ती पेंढ्यात जायची, पेंढा दोंदाला चिकटायचा. मग रीत बदलली, उन्हात ठेवतानाच पुसायची. नंतर कुणी रंग लावला तर त्याची फुली राहते.

"मग आधी पुस की," मी म्हटलं.

"तेच केलंय आत्ता. लावा कॅसेट."

पट्टी शेवटपर्यंत चालली. भरलेलं ऐकलं, कुठं खंड नाय. दोन्ही वेळा गेलेल्या एका जागी अभंग थांबवून बायको म्हणते, "अवो, पंखा बंद करा. पेटीचा सूर लागत नाय."

लेक रडली. मी उठलो आणि रोह्याच्या घरातला पंखा बंद केला.

त्या बाईला देवानं पाठवली का, मी वाद घालत नाय. आपल्या हातात मागणं असतं, तेवढं मागावं. बाकी त्याच्यावर सोडावं. मी आता देवळात जातो. भांडतो, पण जातो.