चाचीचा दुसरा निका

आमच्या भालकी तालुक्यातल्या गावात देवीपुढचं मेंढरू मुलाण्यानंच कापायचं. आम्ही धनगर, देवी आमची, मेंढरूही आमचंच. पण मुलाण्यानं अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवल्याशिवाय ते मटण आमच्यात कुणी तोंडात घालत नसे. निजामाच्या राज्यात कुणाला त्यात कधी वावगं दिसलं नव्हतं.

मग मशिदीत शहराकडून एक मौलवी आले. त्यांच्याजवळ किताब होती आणि गावात ती वाचणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे त्यांचंच खरं. देवीपुढं सुरी चालवणारा दीनाबाहेर, म्हणजे धर्माबाहेर गेला, त्याचा निका मोडला, असं त्यांनी सांगून टाकलं. मुलाणीचाचानं पुन्हा कलमा पढावा आणि घरातल्याच बायकोशी पुन्हा निका लावावा. नाहीतर त्याच्या मयतीला कुणी नमाज पढणार नाही.

चाचा मयतीला भ्याला. आमचे अप्पा जत्रेचं सांगायला गेले तर म्हणाला, "आता न्हाई जमायचं, अप्पा. किताबात लिव्हलंय म्हणं."

अप्पा घरी येऊन म्हणाले, "आपला मुलाणी बाटला."

त्या शब्दाचा मला अजून संताप येतो. जन्माचा मुसलमान, तो मौलवींच्या लेखीही बाटलेला आणि आमच्याही.

निक्याच्या दिवशी मी चाचीजवळ पडद्याआड बसले होते. तिच्या मांडीवर नातू झोपलेला. कबूल आहे का, असं मौलवींनी बाहेरून विचारलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "शादी के पहलेच से काटते थे ये. फिर निका टूटा कब? मेरे बच्चे क्या हुए?"

मौलवींनी पुन्हा तोच सवाल केला. आता चाची गप्प. "औरत की खामोशी रजामंदी है," म्हणत त्यांनी दुआ मागितली आणि खजूर वाटले.

पुढं गुलबर्ग्यात एका जाणत्या माणसानं मला सांगितलं, गप्प राहण्याला होकार मानायची ती सवलत कुमारिकेपुरती. एकदा संसार केलेल्या बाईनं तोंडानं हो म्हणायला हवं. म्हणजे किताबसुद्धा चाचीला विचारा म्हणत होती. मौलवींना नेमकं तेवढंच वाचायचं नव्हतं.

चाची त्याच घरात राहिली, चाचाच्या भाकरी थापत राहिली. तिची लेकरं कोण ठरली, हे ती मरेपर्यंत तिला कुणी सांगितलं नाही.